ओढ कुठून कुठे जाते ते बघ

राजा, जुना दोन एक्सलचा ट्रक घेतलास, त्यावर हायड्रॉलिक विंच बसवून सायखेड्यात गाड्या काढायचा धंदा टाकतोस, चांगलं आहे. पण आडगावच्या ट्रक टर्मिनलवर जाऊन ‘दहा टनाची विंच केवढ्याला?’ एवढंच विचारून परत येऊ नकोस. टनाचा आकडा पाटीवर ठोकलेला असतो, ओढ पाटीवर नसते. ती रुतलेल्या चाकापासून निघते, हुकात येते, हुकातून वायरमध्ये, वायरमधून ड्रमला, ड्रमवरून बोल्टात, बोल्टातून चेसिसमध्ये आणि शेवटी तुझ्या ट्रकच्या चाकांखालच्या जमिनीत. या वाटेवरची सगळ्यात कच्ची जागा जेवढी सोसेल, तेवढीच तुझी विंच. म्हणून मी चिखलाकडून सुरुवात करतो. दुकानदार ड्रमपासून सुरू करतो, कारण त्याला ड्रम विकायचा असतो.

आपल्याकडचा चिखल साधा नाही. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि चाकाला धरून बसते. त्यात गोदावरीचा गाळ. खाली नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा, त्याचा फुगवटा, आणि वरून गंगापूर धरणातून पाणी सुटलं की चांदोरी-सायखेड्याला झळ. २ ऑगस्ट २०१६ च्या पुरात काय झालं ते तू पाहिलंस, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा पाहिलंस. पाणी उतरतं, पुलाला अडकलेल्या पाणवेली निघतात, पण शिवारातल्या रस्त्यांवर गाळाचा थर राहतो. वरून सुकल्यासारखा दिसतो, आत लोणी. तुझी निम्मी कामं अशा रस्त्यावरची असणार, आणि उरलेली उपबाजाराकडे येणाऱ्या कांद्याच्या गाड्यांची, उसाच्या ट्रॉल्यांची, द्राक्षाच्या पिकअपांची.

किती ओढ लागेल? अमेरिकन लष्कराच्या गाड्या काढण्याच्या पुस्तकातला हिशेब सोपा आहे आणि आपल्या मातीलाही लागू पडतो. चाकं रुतली असतील तर गाडीच्या एकूण वजनाइतकी ओढ धरायची. मडगार्डपर्यंत गेली असेल तर दुप्पट, केबिनपर्यंत गेली तर तिप्पट. रुतलेल्या गाडीचं इंजिन चालू असेल आणि तिची चाकं हळू फिरत मदत करत असतील तर ओढ थोडी कमी लागते. चढ असेल तर वर आणखी: पाचास एक चढाला टनामागे दोनशे किलो.

आता मांड. २०१८ च्या नियमाप्रमाणे दोन एक्सलच्या ट्रकचं भरलेलं वजन साडेअठरा टनांपर्यंत जातं. चाकं रुतली, साडेअठरा टन ओढ. मडगार्डपर्यंत, सदतीस. तुझी दहा टनाची विंच तिथे काय करणार? म्हणून पहिलं काम विंचचं नाहीच, हमालांचं आहे. गोण्या उतरव. रिकामा ट्रक सहा-सात टनांचा. तासाभरात ओढ तिसऱ्या हिश्श्यावर येते. मालक कुरकुर करेल, ‘जेसीबीवाला म्हणतो असाच काढतो’ म्हणेल. म्हणू दे. जेसीबीला मी नावं ठेवत नाही, डांबरी कडेला रुतलेल्या गाडीला तो पुरतो आणि लवकर येतो. पण तो झटका देऊन ओढतो, आणि त्या झटक्यात पुढचा एक्सल जागचा हललेला ट्रक दुरुस्तीला काय मागतो ते गॅरेजवाल्याला विचार. गोण्या उतरवल्यावर फावडं घे, चाकांपुढची माती खण, चाकांच्या मार्गात फळ्या टाक. आणि गाडी ज्या वाटेने आत गेली त्याच वाटेने मागे काढायचं बघ. तिने तिथे आधीच दोन चाकोऱ्या पाडलेल्या असतात.

वायर गाडीला कुठे लावायची? बंपरला नाही, स्प्रिंगच्या शॅकलला नाही, एक्सलला तर नाहीच. चेसिसच्या दोन्ही बाजूंच्या ओढकड्यांना साखळीचा व्ही कर, आणि तो व्ही साठ अंशांपेक्षा उघडा नको. जितका उघडा, तितकी साखळीच्या प्रत्येक पायावर ओढ जास्त.

आता वायर. इथे पैसे वाचवू नकोस. बहुपदरी गुंडाळायची तर पोलादी गाभ्याचीच घे. सुती गाभ्याची वायर वरच्या थरांच्या दाबाखाली चपटी होते. सहा पेडांची, पेडात छत्तीस तारा असलेली, १७७० ग्रेडची १६ मिलिमीटर वायर साधारण सोळा टनांवर तुटते, १८ मिलिमीटरची वीस टनांच्या वर. विंचच्या ओढीच्या दुप्पट तोडभार हवा, म्हणजे आठ टनाच्या विंचला सोळा मिलिमीटर, दहाच्या विंचला अठरा. आयएस २२६६ चं प्रमाणपत्र माग. न देणाऱ्याकडून घेऊ नकोस. ड्रमचा व्यास वायरच्या जाडीच्या निदान दहापट असावा, नाहीतर तारा आतून वाकून वाकून तुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही. कृत्रिम दोर हलका असतो, जीपच्या विंचला शोभतो, पण गाळातली वाळू त्याच्या आत शिरून त्याला कातरते. ट्रकला पोलादच.

वायरच्या टोकाला थिंबल घालून दाबून बसवलेली फेरूल हवी. यू-क्लिप लावून भागवायचं झालं तर क्लिपचा पाट, म्हणजे सपाट बाजू, ओढ घेणाऱ्या वायरवर आणि यू शेपटीवर. उलटं लावलं तर यू ओढीच्या वायरला चावतो. आपल्याकडच्या निम्म्या क्लिपा उलट्या असतात, चालता चालता बघत जा. ड्रमवर निदान चार-पाच वेढे कायम राहू दे. टोकाचा बोल्ट ओढ घेण्यासाठी नसतो, वायर घरंगळू नये म्हणून असतो.

ड्रमवर आलो. पाटीवरचे टन पहिल्या थराचे, म्हणजे जवळजवळ रिकाम्या ड्रमचे. वरच्या प्रत्येक थराला दहा-बारा टक्के ओढ कमी होत जाते, कारण वायर ड्रमच्या मध्यापासून लांब जाते. दहा टनाची विंच चौथ्या थरावर सात टनांची राहते. गाडी जवळ रुतली, म्हणजे वायर थोडी बाहेर, म्हणजे वरचा थर, म्हणजे कमी ताकद. लोकांना उलटं वाटतं, जवळची गाडी सोपी. यावर उपाय कप्पी. कप्पी गाडीला लावून वायर परत आणलीस की ओढ जवळपास दुप्पट होते आणि वायर जास्त सुटते, म्हणजे ड्रमवरचे थरही उतरतात. एका कप्पीत दोन फायदे. कप्पीच्या जागी मात्र दुप्पट भार येतो. दोन टन ओढलेस तर कप्पीच्या बेल्टवर चार. बेल्ट आणि शॅकल त्या हिशेबाने ठेव. आणि वायरचं परतलेलं टोक तुझ्याच ट्रकला बांधू नकोस, नाहीतर तुझ्या ट्रकवरही दुप्पट ओढ येते. वेगळ्या झाडाला बांध.

ड्रम कुठे बसवायचा हे वायरच्या कोनाने ठरतं. मागच्या रोलरपासून ड्रमच्या कडेपर्यंत वायर दीड अंशापेक्षा जास्त तिरकी जाता कामा नये. केबिनमागे ड्रम, मागच्या टोकाला रोलर, मधे पाच मीटर धरलेस तर ड्रम साधारण २६० मिलिमीटरपेक्षा रुंद नको. रुंद असला तर वायर एका बाजूला ढीग करते आणि मग वरचा वेढा खालच्यात घुसतो. अरुंद ड्रम म्हणजे थर जास्त, म्हणजे वरच्या थरावर ताकद कमी. दोन्ही हवं म्हटलं तर मिळणार नाही. माझं मत, अरुंद ड्रम आणि चांगल्या दोन कप्प्या.

आता हायड्रॉलिकच का? बॅटरीवरची विंच पाच-दहा मिनिटं ओढली की मोटर तापते, थांबावं लागतं, बॅटरी बसते. हायड्रॉलिक इंजिन चालू आहे तोवर ओढते, हळू आणि सारखी. तिचा एकच दोष, इंजिन बंद पडलं की तीही बंद. बाकी ती काय करते ते दोन वाक्यांत सांगतो: तेलाचा प्रवाह वेग ठरवतो, तेलाचा दाब ओढ ठरवतो. मिनिटाला ४० लिटर तेल, १६० बारचा दाब, विंचची गळती धरून आठ टनाला मिनिटाला पाच मीटर वेग मिळतो. एवढ्याला इंजिनाची फार तर वीस-बावीस अश्वशक्ती लागते. तुझ्या ट्रकचं इंजिन दीडशेच्या वरचं. म्हणून इंजिन मोठं असल्याची फुशारकी इथे कामाची नाही. आणि कोणी सांगितलं ‘दाब वाढवून देतो, विंच बारा टन ओढेल’, तर त्याला चहा पाजून घरी पाठव. दाब ठरवलेल्या मर्यादेवर गेला की तेल सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह हा सगळ्या वाटेवरचा तुझा एकमेव पहारेकरी आहे. चेसिस, बोल्ट, वायर यातलं कच्चं काय ते ठरव, त्याच्या खाली दाब लाव, सील कर, शेजारी दाबमापक बसव.

पंप गिअरबॉक्सच्या पीटीओवरून, म्हणजे इंजिनाची ताकद बाहेर काढणाऱ्या जोडणीवरून, चालतो. पीटीओ घेताना तुझ्या ट्रकच्या गिअरबॉक्सच्या बाजूच्या खिडकीचे बोल्ट मोज आणि पीटीओ कोणत्या दिशेने फिरतो ते आधी बघ. पंप उलट्या दिशेचा आणलास तर पहिल्याच मिनिटाला सील उडतं. इंजिन हजार-बाराशे फेऱ्यांवर ठेवलं की पीटीओच्या गुणोत्तराने पंपाला किती फेऱ्या मिळतात, त्याने पंपाचा सीसी ठरव. हजार फेऱ्या मिळत असतील तर ४० सीसीचा पंप मिनिटाला ४० लिटर देतो. क्लच दाबूनच पीटीओ लाव, आणि रस्त्यावर निघताना काढ. पीटीओ लागलेला ट्रक रस्त्यावर पळवला की पंप रिकामाच फिरत राहतो आणि तापतो. म्हणून केबिनमध्ये लाल दिवा बसव. एप्रिल २०२० नंतरचा बीएस-६ ट्रक असता तर इंजिनाचा वेग कंपनीच्या पीटीओ स्विचमधूनच ठरवावा लागला असता. तुझा जुना आहे, सुटलास.

टाकी प्रवाहाच्या दुप्पट-तिप्पट, म्हणजे ८० ते १२० लिटर. तेल आपल्या उन्हाला ६८ नंबरचं, कारण ४६ नंबरचं आपल्या मे महिन्यात पातळ पडतं. परतीच्या वाटेवर फिल्टर. पंपाकडे जाणारी नळी रुंद, सव्वा इंची, दाबाची नळी पाऊण इंची आणि दोन तारजाळ्यांची. सक्शन बारीक पडली की पंप किंकाळी फोडतो, आत तेलाऐवजी बुडबुडे. ती किंकाळी ऐकलीस की लगेच बंद कर, तेल बदलून काही होणार नाही, नळी बदल.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. विंचवर ब्रेक असतो, दाब आला की उघडतो, दाब गेला की लागतो. कंट्रोल व्हॉल्व्हचा स्पूल, म्हणजे आतला सरकता दांडा, सिलिंडरसाठीचा दिला असेल तर लिव्हर सोडल्यावरही तेल आत कोंडून राहतं आणि ब्रेक उघडा राहतो. मोटर स्पूल माग, तो मध्यावर येताच तेल टाकीत सोडतो. आणि मोटरला गळतीच्या तेलाची वेगळी वाट असेल तर ती थेट टाकीत ने. परतीच्या नळीत जोडलीस तर मोटरचं सील जातं आणि ते महागात पडतं.

गळती शोधताना बोट फिरवायचं नाही. दीडशे बारचं तेल टाचणीएवढ्या भोकातून त्वचेत शिरतं, बाहेर एक ठिपका दिसतो, आतून बोट सडतं. पुठ्ठा फिरव. झालंच कधी तर हळद-तेल लावत बसू नकोस, त्याच तासाला नाशिकला, आणि डॉक्टरला ‘दाबाचं तेल शिरलं आहे’ असं स्पष्ट सांग.

मुंबईच्या दारूखान्यातल्या भंगार बाजारातून जुनी विंच आणायची असली तर ब्रेक भाराखाली धरतो का ते तिथेच बघ. गिअर तेल बोटांत चोळ, चमचमलं तर सोड. नावाची पाटी नसेल तर तिची ताकद कुणालाच माहीत नाही, विकणाऱ्यालाही नाही. आणि वर्म गिअरची असो की प्लॅनेटरी, वायर कुठल्या बाजूने गुंडाळायची ते खात्रीने विचार. ब्रेक बहुधा एकाच दिशेला धरतो.

चेसिस. तिला भोक पाडायचं तर उभ्या पट्टीत पाड, वरच्या-खालच्या आडव्या कडांना हात लावू नकोस. सगळा ताण त्या कडांवर असतो, आणि भोकापासूनच तडा सुरू होतो. कडेवर आडवी वेल्डिंग तर मुळीच नाही. चॅनेलची सब-फ्रेम कर, बाजूंना फिश प्लेटा, १०.९ ग्रेडचे बोल्ट, नायलॉक नट. पहिल्या मोठ्या कामानंतर सगळे पुन्हा कस. वेल्डिंग करताना बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढ आणि अर्थिंग वेल्डजवळच घे. समोरच्या बंपरला विंच लावायचा मोह होईल, दिसायला झोकदार. पुढच्या एक्सलवरचं वजन आधी काट्यावर करून बघ, कायद्याने तिथल्या भाराला मर्यादा असते.

आता वाटेचं शेवटचं टोक, तुझा ट्रक जिथे उभा आहे ती जमीन. बहुतेक विंचवाले इथेच हरतात. तुझा रिकामा ट्रक विंच धरून आठ टनांचा. कोरड्या डांबरावर ब्रेक लावून तो वजनाच्या निम्म्याहून थोडी जास्त ओढ धरेल, ओल्या काळ्या मातीत तिसरा हिस्साही नाही. म्हणजे दहा टन ओढायला गेलास तर रुतलेला ट्रक हलायच्या आधी तुझा ट्रक त्याच्याकडे घसरत जाणार. १९१६ साली अमेरिकेत चॅटनूगा गावच्या अर्नेस्ट होम्सने जुन्या कॅडिलॅकवर तीन खांब, कप्पी आणि साखळी बसवून पहिला टो-ट्रक केला, त्यालाही पहिल्या प्रयोगात हाच त्रास झाला. गाडी डळमळली, मग त्याने बाजूला टेकू जोडले. शंभर वर्षं झाली, अडचण तीच आहे.

तेव्हा ट्रकच्या मागे जमिनीत घुसणारा फाळ बसव, चाकांना लाकडी ठोकळे लाव. मागे जाड बाभूळ किंवा चिंच असेल तर रुंद बेल्टने, अगदी बुंध्याच्या तळाशी बांध. वायर सरळ झाडाला गुंडाळली तर साल कापते आणि वायरही वाकते. झाड नसेल तर भरलेला ट्रक मागे उभा कर. तोही नसेल तर दीड मीटर खोल चर खणून त्यात ओंडका आडवा पुर आणि त्याला साखळी बांध. जुनी पद्धत आहे, पण कुठेही चालते. महावितरणच्या खांबाला, पुलाच्या कठड्याला आणि द्राक्षबागेच्या कडेच्या अँगलला कधीच बांधायचं नाही. त्या अँगलला आधीच अख्ख्या मांडवाच्या तारा ओढत असतात, तू ओढलास तर हंगामातली अर्धी बाग खाली येईल आणि तिची भरपाई तुझ्या ट्रकच्या किमतीहून मोठी.

विहिरीत पडलेल्या ट्रॅक्टरसाठी बोलावतील. जाऊ नकोस, क्रेनवाल्याचा नंबर दे. विंच ओढायला असते, उचलायला नाही. आणि त्या वायरवर माणूस टांगायचा तर विचारही करू नकोस.

काम सुरू केलंस की गाव जमा होतं, पोरं मोबाइल धरून वायरशेजारी. वायर तुटली तर दोन्ही टोकांना झेपावते. जितकी वायर बाहेर, निदान तितक्या लांब सगळे पाहिजेत, आणि कप्पीच्या कोनाच्या आत कुणी नाही. ओली पोती वायरच्या मधोमध टाक. एक माणूस फक्त गर्दीसाठी ठेव, त्याला दुसरं काम देऊ नकोस. गावातला वजनदार माणूस असला की त्याचं ऐकतात. खुणा करणाराही एकच. कातडी हातमोजे घाल, आणि धावती वायर मुठीतून जाऊ देऊ नकोस, तुटलेल्या तारेचा एक काटा तळहात फाडतो.

कागदाचं पटकन सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली गाडीत बदल केला की आरसीवर नोंद लागते. एमएच-१५ च्या कार्यालयात अर्ज आधी कर, विंच मग बसव. विमा कंपनीलाही लेखी कळव, नाहीतर राहूड घाटात किंवा कसाऱ्याला काही झालं तर ती हात वर करेल.

नवी वायर ड्रमवर सैल गुंडाळू नकोस. सपाट रस्त्यावर ड्रमवरचे चार-पाच वेढे ठेवून बाकी सगळी सोड, टोक झाडाला बांध, ब्रेक थोडा धरून ट्रक वायरने ओढत आण. वेढे एकमेकांना चिकटून बसले पाहिजेत. पुराच्या कामानंतर घरी आलास की वायर पुन्हा पूर्ण सोडून धू, वाळव, तेल लाव आणि तुटलेले काटे बघत जा. जाडी मूळच्यापेक्षा दहावा हिस्सा कमी झाली, चपटी झाली किंवा पेड सुटून पिंजऱ्यासारखी फुगली तर काप, दया नको. मग विंचच्या गिअरबॉक्सचा खालचा नट सैल कर, थोडं तेल वाटीत घे. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, सगळं काढून नवं भर, आणि ब्रीदरची टोपी नळी लावून केबिनच्या उंचीला वर ने.